शब्दांची कुळकथा (भाग ७) : यात्रा भरते तेव्हा

परंडा तालुक्यातल्या सोनारीला चैत्रात काळभैरवनाथाची यात्रा भरते. 'भरते' या क्रियापदाकडे जरा नीट पाहा. हिंदीत यात्रा करतात, यात्रा निघते; ती भरत नाही. आपल्याकडे मात्र बाजार भरतो, शाळा भरते, तशी यात्राही भरते. शब्द तोच, पण त्याचा अर्थ वाट सोडून मुक्कामाला आला आहे.

मागच्या भागात स्लाव भाषांमधला 'झिवोत' पाहिला. आपल्या 'जीव'चाच तो गोतावळा, पण चेक माणसासाठी त्याचा अर्थ आयुष्य, तर आजच्या रशियन माणसासाठी पोट. यात्रेची गोष्ट तशीच आहे, आणि ती आपल्या अंगणातली आहे.

मूळ धातू 'या', म्हणजे जाणे. राजाची स्वारी हीसुद्धा संस्कृतात यात्राच. पण देवाच्या उत्सवाला यात्रा म्हणण्याची रीतही जुनी आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या घराण्यातला भवभूती आठव्या शतकातला. त्याच्या 'उत्तररामचरित'च्या प्रस्तावनेत सूत्रधार सांगतो, की हा प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेनिमित्त होत आहे. देव, जमलेली माणसे आणि नाटक, सगळे तिथे एकत्र आहे. पुढे प्रत्येक भाषेने त्यातले आपल्याला हवे ते उचलले.

प्राकृतात शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' झाला. योगीचा जोगी झाला, तशी यात्रेची जत्रा. मराठीने जमलेली माणसे धरली. कन्नडची 'जात्रे' आणि तेलुगूची 'जातरा' याच अर्थाच्या. तेलंगणात मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जातरा दर दोन वर्षांनी भरते. काठमांडूच्या इंद्रजात्रेत कुमारीचा रथ रस्त्यांतून ओढतात, म्हणजे तिथे चालणे टिकून आहे. बंगालने मात्र नाटक उचलले. तिथे 'जात्रा' म्हणजे प्रवासही आणि गाण्यांनी भरलेले लोकनाट्यही. कोलकात्याचा चितपूर भाग जात्रा कंपन्यांसाठीच ओळखला जातो.

आपल्याकडेही फड यात्रांच्या हंगामावर जगतात. तरी त्या खेळाला आपण यात्रा म्हटले नाही, कारण 'तमाशा' हा शब्द आपल्याकडे होता. तो फारसीतून आला. आणि नवल असे, की त्याच्या मुळाशीही अरबीतला चालण्याचाच धातू आहे!

म्हणून प्रवास हाच यात्रेचा खरा अर्थ आणि जत्रा हा गावंढळ अपभ्रंश, असे जे मानले जाते ते मला मुळीच पटत नाही. बाराशे वर्षांपूर्वीच्या नाटकातली यात्रा सोनारीच्या यात्रेला अधिक जवळची आहे.

तुमच्या गावात यात्रा म्हणतात, जत्रा, की उरूस? ती भरते, होते, की निघते? क्रियापदासकट कळवा. पुढच्या आठवड्यात 'शिक्षा' : हिंदीत ती शाळेत मिळते, मराठीत गुन्ह्याबद्दल.