परदेशचा प्रवास आणि चाळीस दिवसांचा हिशेब

पेढीवर बसणाऱ्या सराफास दिवस मोजण्याची कला शिकवावी लागत नाही. दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी यांतील भेद काय, व्याजाचा पहिला दिवस धरावयाचा की सोडावयाचा, मुदत कोणत्या तिथीस भरते, हे सर्व त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु हाच सराफ साथीच्या काळात परदेशी गेला आणि तेथील अधिकाऱ्याने "आपणांस इतके दिवस वेगळे राहावे लागेल" असे सांगितले, की त्याचा सारा हिशेब चुकतो. आपणांस रोग नसताना ही शिक्षा कशासाठी, दिवस केव्हापासून मोजावयाचे, खर्च कोणी सोसावयाचा, आपला आहार कसा सांभाळावयाचा, असे प्रश्न त्यास पडतात आणि उत्तर देणारा जवळ कोणी नसतो. या विषयाची थोडी मांडणी आमच्या व्यापारी बंधुभगिनींपुढे करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. छावणीमागून सराफ येतोच. महाराज बाड्याजवळचा आपला सराफा बाजार हा त्या परंपरेचा वारस आहे. आज सोन्याचा भाव दुबईकडे पाहून बोलतो आणि हिऱ्याचा अँटवर्प व हाँगकाँगकडे पाहून. तेव्हा तेथील दारे केव्हा व का बंद होतात, हे जाणणे व्यापाराचाच एक भाग झाला आहे.

व्यापारी नगरांनी काढलेली तोड

पुष्कळांची अशी समजूत आहे की, अलगीकरण ही सरकारी अंमलदारांनी व्यापाऱ्यांस छळण्यासाठी काढलेली युक्ती आहे. इतिहास नेमके उलट सांगतो. एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिक, या नगराने १३७७ साली असा ठराव केला की, प्लेगग्रस्त मुलखातून येणाऱ्यांनी नगरात शिरण्यापूर्वी एक महिना बाहेर काढावा. रागुसा हे व्यापारावर जगणारे नगर होते. दार सताड उघडे ठेवावे तर रोग आत येतो आणि कायमचे लावून घ्यावे तर पोट भरत नाही, अशा पेचातून त्याने ही मधली वाट काढली. पुढे व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर यासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले. कालांतराने तीस दिवसांचे चाळीस झाले आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाइन' हे नाव रूढ झाले. व्यापार थांबू नये म्हणून माणसाने थोडे थांबावे, हा या नियमाचा मूळ गाभा होय.

मुंबईचा प्लेग आणि त्याचा धडा

आपल्या देशास या विषयाची खरी ओळख १८९६ साली झाली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदामांची आणि धान्याच्या व्यापाराची वस्ती. बातमी पसरताच परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली. १८९७ च्या प्रारंभी याच प्रश्नावर व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्याच वर्षी मुंबईहून निघणारी हजची यात्रा बंद ठेवावी लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली आणि संशयितांस छावण्यांत नेऊन ठेवण्यात येऊ लागले.

कायदा आवश्यक नव्हता असे नव्हे. तथापि पुण्यात सैनिकांकरवी घरोघर झडत्या झाल्या, देवघरे आणि स्वयंपाकघरे यांचीही तमा बाळगली गेली नाही. नियम का केला हे कोणी समजावून सांगेना. परिणामी लोक रोगी लपवू लागले, आणि लपविलेला रोगी शेजारच्या दहा घरांस धोका ठरला. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हा त्या असंतोषाचा कळस होय. त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. एकाच गावातील हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, साथीत नियम आणि माणुसकी यांची फारकत झाली की दोहोंचेही नुकसान होते.

हा धडा जगाने सावकाश का होईना घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली आंतरराष्ट्रीय स्वच्छता नियम केले; १९६९ मध्ये त्यांस आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम हे नाव मिळाले. २००५ साली सुधारलेले नियम १५ जून २००७ पासून अमलात आले, आणि २०२४ च्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक राष्ट्रांत लागू झाल्या. प्रवाशाशी वागताना त्याची प्रतिष्ठा राखावी, त्याच्या सामाजिक व धार्मिक भावनांचा विचार करावा, अलगीकरणात ठेवल्यास पुरेसे अन्नपाणी व औषधोपचार द्यावेत, हे या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. ही कृपा नव्हे, प्रवाशाचा तो अधिकार आहे.

दोन शब्दांचा भेद

वर्तमानपत्रांतून 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले, त्यामुळे घोटाळा वाढला. ज्यास रोग झालेला आहे त्यास इतरांपासून दूर ठेवणे हे विलगीकरण. जो आज निरोगी दिसतो, परंतु रोगाच्या संपर्कात आलेला असण्याचा संभव आहे, त्यास ठरावीक दिवस वेगळे ठेवून पाहणे हे अलगीकरण. अलगीकरणाचा अर्थ "तुम्ही रोगी आहात" असा नाही. "तुमच्याविषयी अद्याप काही सांगता येत नाही" एवढाच आहे. अंगठी गहाण घेण्यापूर्वी सराफ ती कसोटीवर घासतो, तेव्हा तो गिऱ्हाइकास चोर म्हणत नसतो.

दिवसांची संख्याही मनास येईल तशी ठरत नाही. रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो, त्यावर ती बेतलेली असते. पीतज्वराचा हा काळ सहा दिवसांपर्यंतचा, म्हणून त्याचे अलगीकरणही अधिकांत अधिक सहा दिवसांचे. कोविडसाठी प्रारंभी चौदा दिवस धरले गेले ते याच कारणाने.

कोविडचा अनुभव

११ मार्च २०२० रोजी कोविडची जागतिक साथ जाहीर झाली आणि २२ मार्चपासून भारतात येणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. मध्य प्रदेशातील पहिले चार रुग्ण २० मार्च रोजी जबलपुरात आढळले. त्यांतील तिघे दुबईहून व एक जर्मनीहून परतलेला होता. त्याच सुमारास महाराष्ट्रात घरी अलगीकरणात राहावयाचे असलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्यात येऊ लागला. निवडणुकीच्या शाईचे बोट आपण अभिमानाने दाखवितो. हा शिक्का मात्र लोक बाहीखाली लपवू लागले, आणि शिक्का असूनही आगगाडीने निघालेल्या काहींस वाटेतच उतरवून घ्यावे लागले.

७ मेपासून 'वंदे भारत' विमानांनी लोक परत येऊ लागले. २४ मे २०२० च्या नियमांनुसार त्यांस सात दिवस स्वखर्चाने संस्थेत व पुढील सात दिवस घरी राहणे आवश्यक होते. परंतु त्याच नियमांत एक कलम होते: गरोदर स्त्रिया, घरात मृत्यू झालेले, गंभीर आजारी, आणि दहा वर्षांखालील मुलांसह आलेले आईबाप यांस चौदाही दिवस घरीच राहण्याची सवलत मिळू शकेल. ऑगस्टपासून या सवलतीसाठी विमानात बसण्यापूर्वी किमान ७२ तास अर्ज करणे ठरले. वडिलांच्या निधनाची वार्ता ऐकून धावत निघालेल्या मुलास हे कलम ठाऊक असणे आणि नसणे यांत किती अंतर आहे, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. एकास घरच्यांच्या शेजारी बसून शोक करता येतो. दुसरा अनोळखी खोलीत दिवस मोजीत बसतो.

१४ फेब्रुवारी २०२२ पासून भारताने सक्तीचे गृह अलगीकरण काढून चौदा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याचा नियम केला. चीनने मात्र परदेशाहून येणाऱ्यांचे अलगीकरण ८ जानेवारी २०२३ पर्यंत चालू ठेवले, आणि हाँगकाँगमध्ये एके काळी एकवीस दिवस हॉटेलच्या खोलीत काढावे लागत. आता हे सर्व निर्बंध उठले आहेत. पण नियमांची जी घडण त्या काळात दिसली, तीच पुढच्या साथीतही दिसेल. म्हणून तीतील बारकावे ध्यानी ठेवणे इष्ट होय.

प्रवाशाने पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, दिवस केव्हापासून मोजतात. इंग्लंडमध्ये उतरण्याचा दिवस शून्य धरला जाई आणि दुसरा दिवस हा पहिला. दहा दिवसांच्या अलगीकरणास अकरा रात्रींचे भाडे पडे ते यामुळे. तेथील हॉटेलचा हा खर्च प्रारंभी एका माणसास १,७५० पौंड होता.

दुसरी गोष्ट, तास आणि दिवस यांतील फरक. भारताने चाचणीची मुदत प्रथम ९६ व नंतर ७२ तासांची ठेवली. अमेरिकेने मात्र तासांऐवजी दिवस धरले. विमानास सहा तास उशीर झाला तर तासांच्या हिशेबात दाखला रद्द होतो, दिवसांच्या हिशेबात कदाचित टिकतो. मुदत नमुना दिल्यापासून की अहवाल मिळाल्यापासून, हेही विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट, वाटेतील मुक्काम. आपण कोठून निघालो एवढेच पाहिले जात नाही. मागील दहा किंवा चौदा दिवसांत कोठे कोठे होतो, हे पाहिले जाते. इंग्लंडच्या लाल यादीतील देशाच्या विमानतळावर केवळ विमान बदलले असले, तरी ते जमेस धरले जाई. स्वस्त तिकिटाच्या मोहाने घेतलेला वळसा अशा वेळी महाग पडतो.

चौथी गोष्ट, दाखल्याची मान्यता. २०२१ साली इंग्लंडने भारतात दिलेल्या लशीच्या प्रमाणपत्रास मान्यता नाकारली. लस तीच, तिचा मूळ शोधही ऑक्सफर्डचा. हरकत होती ती दाखल्यास. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांस दहा दिवसांचे अलगीकरण लावले, तेव्हा ११ ऑक्टोबरपासून इंग्लंडने आपला नियम मागे घेतला आणि दोनच दिवसांत भारतानेही. सोने शुद्ध असून भागत नाही, त्यावरील हॉलमार्क समोरच्यास मान्य असावा लागतो, हे आमच्या वाचकांस तात्काळ पटेल. म्हणून पारपत्रावरील नाव, जन्मतारीख व क्रमांक दाखल्याशी अक्षरशः जुळतात की नाही, हे घरीच ताडून पाहावे.

पाचवी गोष्ट, पीतज्वर. साथ असो वा नसो, हा नियम आजही लागू आहे. केनिया, युगांडा, घाना, नायजेरिया अशा देशांतून भारतात येणाऱ्यास पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत अलगीकरणात राहावे लागते. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, आणि दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो. एकदा वैध झालेला दाखला २०१६ पासून जन्मभर चालतो. जो व्यापारी निघण्याच्या आदल्या आठवड्यात जागा होतो, त्यास हे दहा दिवस कोणताही दलाल मिळवून देऊ शकत नाही.

सहावी गोष्ट, आहार. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी आणि सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांनी आपली गरज आधीच लेखी कळवावी. विमान कंपन्यांत जैन भोजनास 'व्ही-जे-एम-एल' असा संकेत आहे. अलगीकरणाच्या हॉटेलात असा संकेत चालेलच असे नाही. तेथे "शाकाहारी" एवढेच सांगून भागत नाही, काय चालते व काय चालत नाही याची यादीच द्यावी. जवळ कोरडे, बांधलेले खाद्य ठेवावे; मात्र त्या देशात कोणते पदार्थ नेण्यास बंदी आहे, ते पाहून.

शेवटी सचोटी

या सर्वांपलीकडे एक गोष्ट आहे आणि ती कोणत्याही परिपत्रकात सक्तीने आणता येत नाही. उतरताना भरावयाच्या कागदावर ताप, खोकला, मागील मुक्काम यांविषयी प्रश्न असतात. खरे लिहिले तर आठवडा जाईल, सौदा हुकेल, हे भय खरे आहे. परंतु खोटे लिहिल्याने जे जाते त्याची किंमत दुसराच कोणी तरी देतो: पेढीवरचा वृद्ध मुनीम, शेजारच्या गाळ्यातील कारागीर, घरातील तान्हे मूल. योकोहामाच्या बंदरात फेब्रुवारी २०२० मध्ये अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावर ३,७०० हून अधिक माणसे होती. त्यांतील ७०० हून अधिक जणांस लागण झाली. रोग किती मुकाट्याने पसरतो, याचे हे उदाहरण पुरेसे आहे. सराफ्याचा सारा व्यवहार शब्दावर चालतो. तोळ्यामागे गुंजभर खोट करणाऱ्यास आपण बाजारात उभे करीत नाही. मग आरोग्याच्या कागदावरील खोट आपण क्षम्य कशी मानावी?

आपल्या संघटनेस आमची एक नम्र सूचना आहे. परदेशी जाणाऱ्या सभासदांसाठी कार्यालयात एक फलक असावा. निरनिराळ्या देशांचे चालू नियम सरकारी सूचनांवरून पाहून त्यावर तारखेसह लिहिले जावेत. साथीत नियम आठवड्या-आठवड्यास बदलतात, म्हणून तारीख नसलेली माहिती ही तारीख नसलेल्या हुंडीसारखी निरुपयोगी समजावी. तसेच जो सभासद अलगीकरणात असेल, त्याच्या घरी रोज कोणी तरी विचारपूस करावी आणि शक्य तर त्याची पेढी शेजाऱ्याने पाहावी. थांबणाऱ्याचे नुकसान सर्वांनी थोडे थोडे वाटून घेतले, तर थांबणे त्यास जड जाणार नाही आणि लपविण्याचा मोहही होणार नाही.