गरम दुधात मऊ पडलेला नाश्ता



बचत गटाचा माल बाजारात न्यायचा तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न तुम्ही आम्हाला नेहमी विचारता. त्यावर आज एका खूप मोठ्या कंपनीची गोष्ट सांगतो. तिच्याकडे पैसा होता, कारखाना होता, जाहिरात होती. तरीसुद्धा आपल्या देशात आल्यावर ती आपल्याच चुलीपाशी अडखळली. ही कंपनी म्हणजे कॉर्नफ्लेक्सवाली केलॉग.

तिची सुरुवात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक या गावी झाली. तिथल्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ रुग्णांसाठी पचायला हलकं अन्न तयार करत. १८९४ च्या सुमारास शिजवलेला गहू लाटताना त्याचे पातळ पापुद्रे निघाले. भाजल्यावर ते कुरकुरीत झाले. पुढे हेच मक्यावर करून पाहिलं. १९०६ मध्ये विल कीथ यांनी स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्या काळात तिचा माल कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला.

तसं पाहिलं तर धान्य चपटं करून खाणं आपल्याला नवीन नाही. भात भिजवून, भाजून, कांडून आपण पोहे करतच आलो आहोत.

१९९१ नंतर परदेशी कंपन्यांना आपल्याकडे व्यवसाय करणं सोपं झालं. केलॉगनं सुमारे साडेसहा कोटी डॉलर गुंतवले, पनवेलजवळ तळोज्याला कारखाना उभारला आणि १९९४ मध्ये मुंबईत विक्री सुरू केली. हिशेब सरळ होता. एवढी लोकसंख्या, त्यातल्या थोड्या घरांनी जरी रोज वाटीभर खाल्लं तरी धंदा मोठा.

पहिलं पाकीट लोकांनी कुतूहलानं घेतलं. दुसरं घ्यायला मात्र फारसं कोणी आलं नाही. का बरं?

पहिलं कारण दुधाचं. आपण दूध तापवतो आणि सकाळी मुलांना गरमच देतो. कॉर्नफ्लेक्स कोरडे असतात म्हणून कुरकुरीत लागतात. गरम दूध त्यांच्यात पटकन मुरतं आणि वाटीत लगदा उरतो. चिवड्यावर गरम पाणी ओतलं तर काय होईल, तसंच. बरं, थंड दूध घ्यावं तर त्यात साखर लवकर विरघळत नाही.

दुसरं कारण दराचं. कॉर्नफ्लेक्स आपल्याकडे आधीपासून मिळत होते, मोहन मीकिन ही देशी कंपनी ते विकत होती. केलॉगचा दर त्याहून बराच चढा होता.

तिसरं कारण बोलण्याचं. सुरुवातीच्या जाहिरातींचा सूर असा होता, की आपला नेहमीचा नाश्ता पौष्टिक नाही. पहाटे उठून पोहे, उपमा, थालीपीठ करणाऱ्या बाईला हे कसं रुचावं? आणि घरात सामान काय आणायचं ते तर तीच ठरवणार!

कंपनीनं मग चाल बदलली. बासमती तांदळाचे फ्लेक्स आणले. १९९६ मध्ये मुलांसाठी चॉकलेटचे चोकोज काढले. आंबा-वेलची, नारळ-केशर, गुलाब अशा आपल्या ओळखीच्या चवी आणल्या. दहा रुपयांचं छोटं पाकीट काढलं. लोह आणि कॅल्शियम घातल्याचं सांगून आयांच्या काळजीलाच हात घातला. असं करत करत कंपनी इथे टिकली. पोहे-उपम्याची जागा मात्र तिला घेता आली नाही.

यातून आपण काय घ्यायचं? विकणारी म्हणून पहिली गोष्ट अशी, की गिऱ्हाईक आपला माल घरी नेऊन कसं खातं ते आधी विचारा. लोणचं करा, चटणी करा की नाचणीचे लाडू करा, पहिल्या दहा घरी पुन्हा जाऊन या. 'आवडलं का?' एवढंच विचारू नका. 'कशाबरोबर खाल्लं? किती उरलं? पुन्हा घ्याल का?' हेही विचारा. आणि दुसरीच्या हातच्या जेवणाला नावं ठेवून आपला माल विकू नका.

घेणारी म्हणून दुसरी गोष्ट. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय लिहिलंय त्यावर भुलू नका. पाकीट उलटं करा. मागे घटकांची यादी असते. जो पदार्थ वजनानं सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं, मग उतरत्या क्रमानं बाकीचे. साखर वरच्या दोन-तीन नावांत असेल, तर तो खाऊ आहे असं समजा. तो कधीतरी द्यायला हरकत नाही, पण रोजचा नाश्ता म्हणून नको. यादी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या, म्हणजे तिलाही कळेल.

उद्या सकाळी नाश्त्याला काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आम्ही एवढंच म्हणू, की टीव्हीवर कोणी सांगितलं म्हणून आपल्या पोह्यांना कमी लेखू नका. वर शेंगदाणे आणि लिंबू असेल तर उत्तमच.