जुन्या इंजिनाचे सुटे भाग

काटोलच्या संत्र्यांची गोडी आपणांस ठाऊक आहे. परंतु ज्या पाण्यावर तीं झाडें जगतात, तें विहिरींतून वर काढणाऱ्या यंत्राकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. आंबिया बहारासाठीं बागायतदार हिवाळ्यांत पाणी तोडून झाडांस ताण देतो आणि जानेवारीच्या सुमारास ओलीत पुन्हां सुरू करितो. मग फुलें येतात, फळ धरतें. त्या दिवसांत, किंवा पुढें वैशाखाच्या उन्हांत, पाणी थांबलें तर कोंवळी फळें गळूं लागतात. आतां बहुतेक विहिरींवर विजेचे पंप आले आहेत. पण वीज नसेल तेव्हां कोपऱ्यांतलें जुनें तेलाचें इंजिनच कामास येतें. नेमका त्याचाच एखादा भाग झिजलेला निघाला तर तो कसा मिळवावा, हा आजचा विषय.

प्रथम इंजिनाची ओळख पटवावी. त्याच्या अंगावर धातूची एक पट्टी असते. तिजवर कारखान्याचें नांव, नमुना, अनुक्रमांक, अश्वशक्ति व मिनिटाचे फेरे दिलेले असतात. रॉकेलच्या बोळ्यानें ती पुसून मजकूर जसाच्या तसा उतरून घ्यावा. ‘पांच अश्वशक्तीच्या इंजिनाचा पिस्टन द्या’ असें दुकानदारास सांगणें म्हणजे ‘पुण्याच्या जोशांना हें पत्र द्या’ असें टपालवाल्यास सांगण्यासारखें आहे.

पुढें भागांचे तीन वर्ग करावे. पहिला, कोणत्याही कारखान्याचा चालेल असा. पंपाच्या दांड्यावरील बॉल-बेअरिंग या वर्गांतलें. त्यावर ६२०५ असा आंकडा असेल, तर शेवटच्या ०५ ला पांचांनीं गुणावें. आंतील भोंक पंचवीस मिलिमीटरांचें निघतें. ०४ पासून पुढें हा हिशेब चालतो. बाहेरील व्यास ५२ व जाडी १५ मिलिमीटर. तो आंकडा जुळला कीं बेअरिंग जुळलें.

दुसरा वर्ग पिस्टन, रिंगा, लायनर, नोझल यांचा. हे भाग त्या त्या नमुन्याचेच लागतात. मूळ कारखान्यानें तें इंजिन काढणें थांबविलें, तरी निराश होण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांतील डर्स्लीचें, मिनिटास ६५० फेरे घेणारें संथ लिस्टर इंजिन पुष्कळांनीं पाहिलें असेल. राजकोटच्या कारखान्यांनीं त्याच धर्तीचीं इंजिनें केलीं, आणि त्यांचे भाग मूळ इंजिनासही पुष्कळदां लागू पडतात. मात्र मापांत बारीक फरक असतो. म्हणून जुना भाग बरोबर न्यावा व व्हर्निअरनें ताडून पाहावा. लायनर पूर्वीं बोअर केलेला असल्यास मूळ मापाचा पिस्टन ढिला बसतो. वाढीव माप पुष्कळदां पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेलें असतें.

तिसरा वर्ग लेथवर करून घेण्याजोगा: गनमेटलचा बुश, एखादी पिन, लहानसा दांडा. पण येथें एक मर्यादा पाळावी. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बाजारच्या साध्या पोलादाचे कधींही घालूं नयेत. चालू इंजिनांत तो बोल्ट तुटला तर रॉड बिडाची भिंत फोडून बाहेर येतो. तसेंच तडा गेलेलें फ्लायव्हील सांधून चालवूं नये. तें फुटल्यास जवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेततें.

आंट्यांचाही घोळ असतो. आपल्याकडे दशमान मापें १९५६ च्या कायद्यानें आलीं. जुन्या इंग्रजी इंजिनांना व्हिटवर्थ आंटे असत. अर्धा इंच म्हणजे १२·७ मिलिमीटर, आणि त्या बोल्टास इंचाला बारा आंटे. त्याजागीं बारा मिलिमीटरांचा बोल्ट दिसावयास सारखा दिसतो, पण धरत नाहीं. आणि नट जोरानें फिरविला तर आंटेच जातात.

हा सारा शोध ताणाच्या दिवसांतच, पाणी बंद असतांना, उरकावा. इंजिन उघडून पाहावें, मापें वहींत टिपावीं, भाग आणून ठेवावे. झाडास पाणी हवें त्या आठवड्यांत मिस्त्रीही मिळत नाहीं आणि फळही थांबत नाहीं.