बटणवाला ब्लॅकबेरी: बंद पडला तो कोणता?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात सेकंड हँड ब्लॅकबेरीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘तो तर बंद झाला ना?’ बंद झाले ते वेगळे. ब्लॅकबेरी ओएस ७.१ पर्यंतच्या आणि ब्लॅकबेरी १० वरच्या फोनची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला थांबवली. त्यांवर साधा कॉलसुद्धा भरवशाचा उरला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतात २९,९९० रुपयांना आलेला की२ एलई मात्र अँड्रॉइडवर चालतो. त्या तारखेचा त्याच्याशी संबंधच नाही.

‘एलई म्हणजे की२च, जरा स्वस्तातला,’ हा समज जास्त महागात पडतो. की२ हा एलईचा महागडा भाऊ. त्याच्या बटणांवरून बोट फिरवलं की पान वर-खाली सरकतं. एलईची बटणं फक्त दाबायची. की२ मध्ये स्नॅपड्रॅगन ६६०, ६ जीबी रॅम आणि ३५०० एमएएचची बॅटरी. एलईत ६३६, ४ जीबी आणि ३००० एमएएच. दोन्हींत स्पेसबारवर बोटाचा ठसा चालतो आणि ‘स्पीड की’ नावाचं बटण धरून अक्षर दाबलं की ठरवलेलं अ‍ॅप उघडतं. दुकानातच एखादं पान उघडा आणि बटणांवरून अंगठा फिरवा. पान हललं नाही, तर की२ चे पैसे मोजू नका.

मेल, पीडीएफ, व्यापाऱ्याच्या ऑर्डरी या कामांना एलईचा प्रोसेसर पुरतो. स्क्रीन साडेचार इंचांची, त्यामुळे व्हिडिओ बघायला तो घेऊच नये. बटणांवर रोमन अक्षरं आहेत म्हणून मराठी लिहिता येत नाही, हेही खरं नाही. सेटिंगमधून स्क्रीनवरचा कीबोर्ड आणता येतो, बोलूनही मराठी लिहिता येतं. पण गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून ही बटणं दाबणं अवघडच. त्यांना दोन्ही अंगठे लागतात.

‘ब्लॅकबेरी म्हणजे सुरक्षित’ हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. एलई अँड्रॉइड ८.१ वरच थांबला. सुरक्षेचे नवे अपडेट त्याला येत नाहीत. दुकानाचं बँक खातं मी त्यावर ठेवणार नाही. ५जी नाही, बॅटरी सहज काढता येत नाही. तरीही घ्यायचाच असेल, तर प्रत्येक बटण दाबून बघा आणि *#०६# वर येणारा आयएमईआय क्रमांक सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासूनच पैसे द्या.