पेंग्विनची पिल्ले, सिंहाचे छावे

परदेशात जाऊन वन्यप्राण्यांची शुश्रूषा करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांचा मोठा ओघ दक्षिण आफ्रिकेकडे असतो. अशा सेवेचा अत्यंत चांगला नमुना या देशात पाहायला मिळतो आणि अत्यंत वाईटही. चांगला नमुना केप टाउनच्या किनाऱ्यावर आहे.

आफ्रिकन पेंग्विन हा जेमतेम तीन किलो वजनाचा पक्षी फक्त दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यांवर वीण घालतो. मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 साली आलेले हम्बोल्ट पेंग्विन हे त्याचे दक्षिण अमेरिकेतले जवळचे नातलग. केपला वळसा घालणारा जलमार्ग जहाजांनी गजबजलेला असतो, त्यामुळे या पक्ष्याला तेलगळतीचा धोका कायमचाच. 1968 साली तेलाने माखलेले पेंग्विन अल्थिया वेस्टफाल या बाईंनी आपल्याकडे आणून बरे केले. त्यातूनच ‘सॅनकॉब’ ही संस्था उभी राहिली.

तेल लागले की पेंग्विनच्या पिसांची घट्ट वीण विस्कटते आणि गार पाणी थेट कातडीला भिडते. अंगातली ऊब टिकेना झाली की पक्षी किनाऱ्यावर येऊन बसतो आणि उपाशी राहतो. चोचीने पिसे साफ करताना तेल पोटात जाते ते वेगळेच. 1994 मध्ये ‘अपोलो सी’ जहाज बुडाले तेव्हा सुमारे 10,000 पेंग्विन माखले आणि त्यांतले जवळपास निम्मे दगावले. हा धडा सहा वर्षांनी उपयोगी पडला. 23 जून 2000 रोजी ‘ट्रेझर’ हे लोहखनिज वाहून नेणारे जहाज रॉबेन आणि डॅसेन या बेटांच्या मध्ये बुडाले. सुमारे 19,000 पेंग्विन तेलाने माखले. ज्यांना तेल लागले नव्हते असे आणखी साडेएकोणीस हजार पक्षी पकडून पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडण्यात आले. ते शेकडो किलोमीटर पोहत घरी पोहोचेपर्यंत समुद्र साफ करायला वेळ मिळेल, असा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. पीटर, पॅमेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली होती. त्यांच्या परतीच्या प्रवासावर साऱ्या देशाचे डोळे लागले होते. इकडे केप टाउनमध्ये रेल्वेच्या एका मोठ्या शेडमध्ये हजारो स्वयंसेवक राबत होते, त्यांत परदेशांतून आलेलेही पुष्कळ होते. माखलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेक सगळे वाचले.

पक्षी आणला की लगेच धुवायला घेत नाहीत. अशक्त पक्ष्याला ते सोसत नाही. आधी त्याला ऊब, पाणी आणि अन्न देऊन सावरतात. मग एकाने धरायचे आणि दुसऱ्याने धुवायचे. कोमट पाणी आणि साबण वापरून पिसन्‌पीस साफ करतात. डोळ्यांभोवती दातांचा ब्रश चालवतात. पाण्याचे थेंब पिसांवरून ओघळून जाऊ लागेपर्यंत खळबळणे चालू ठेवायचे. तरीही पिसे पुन्हा पूर्ववत व्हायला बरेच दिवस जातात, तोवर त्याला समुद्रात सोडता येत नाही.

गळती नसते तेव्हाही सॅनकॉबचे रुग्णालय भरलेले असतेच आणि तिथली रोजची कामे फारशी आकर्षक नसतात. विष्ठेने भरलेल्या चटया धुणे, टॉवेलांचे ढीग वाळवणे, हौद घासणे, गोठवलेले मासे विरघळवणे यातच दिवसाचा बराच वेळ जातो. रानटी पेंग्विन मेलेला मासा आपणहून खात नाही. त्याला गुडघ्यांत धरून, चोच उघडून, मासा डोक्याकडून घशात सरकवावा लागतो. ही चोच धारदार असते, म्हणून जाड हातमोजे आणि रेनकोटसारखे कपडे घालूनच आत जायचे. लाड करायला मात्र सक्त मनाई. माणसाळलेला पक्षी रानात टिकत नाही. या कामावर हात बसायला वेळ लागतो, म्हणून आठ-दहा दिवसांच्या पाहुण्यांपेक्षा काही आठवडे राहणाऱ्यांना पसंती मिळते, आणि ते योग्यच आहे.

या खटाटोपाची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. 2024 मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. विणीच्या जोड्या दहा हजारांहूनही कमी उरल्या आहेत. तारलीसारखे मासे कमी झाले, हे त्याचे मुख्य कारण. मार्च 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सहा प्रमुख वसाहतींभोवती दहा वर्षांसाठी मासेमारीवर निर्बंध आले.

वाईट नमुना आहे सिंहपालनाचा. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह खासगी कुंपणांत वाढवले जातात. ‘अनाथ छाव्यांना दूध पाजा’ अशा जाहिरातींना भुलून तरुण मुले पैसे भरून तिथे येतात. पण हे छावे बहुधा अनाथ नसतात. मादी लवकर पुन्हा गाभण राहावी म्हणून जन्मानंतर काही दिवसांतच त्यांना आईपासून तोडलेले असते. लहान असेपर्यंत पर्यटकांचे फोटो, जरा मोठे झाल्यावर त्यांच्यासोबत फेरफटका, आणि पूर्ण वाढ झाली की कुंपणातच पैसे घेऊन शिकार किंवा हाडांचा व्यापार. माणसाच्या हातावर वाढलेला असा सिंह जंगलात सोडता येत नाही. आपण कशाला हातभार लावला हे नंतर कळल्यावर अनेक स्वयंसेवक हादरले. 2015 च्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने हा सारा व्यवहार जगापुढे आणला. 2021 मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाने बंदिस्त सिंहपालन थांबवण्याची शिफारस केली.

म्हणून संस्था निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो प्राण्यांच्या पुढच्या मुक्कामाचा. किती सोडले, कुठे सोडले, पिल्ले कुठून येतात, याची नोंद दाखवायला जी संस्था कचरते तिथे जाऊ नये. वन्य पिल्लांना कुरवाळण्याची मुभा हीच जिथली जाहिरात असते, तिथेही नाही.

पशुवैद्यकाची पदवी असली तरी दक्षिण आफ्रिकेच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय उपचार करता येत नाहीत. विद्यार्थ्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. सस्तन प्राणी हाताळायचे असतील तर रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. पक्ष्यांच्या रुग्णालयात बर्ड फ्लूची साथ असली की कडक नियम पाळावे लागतात. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना व्हिसा लागतो, त्या अर्जात स्वयंसेवेचा हेतू स्पष्ट लिहावा. राहण्याजेवणाचा खर्च आणि संस्थेचे शुल्क सहसा स्वतःच भरावे लागते. पेंग्विनच्या पिल्लांची खरी धावपळ वर्षाअखेरीस असते. तेव्हा मोठे पक्षी पिसे गाळतात, जवळपास तीन आठवडे समुद्रात जाऊ शकत नाहीत, आणि उशिरा जन्मलेली पिल्ले उपाशी राहतात. ती उचलून आणून वाढवावी लागतात. त्या दिवसांत जायचे तर अर्ज काही महिने आधीच करावा.