गोड वाइनची बाटली

मेजवानीला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत. कुणी पेढ्यांचा पुडा नेतो, कुणी फुले नेतो. गोव्यात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींवर मात्र आणखी एक प्रसंग येतो. शेजारच्या ख्रिस्ती घरी नाताळची मेजवानी असते, लग्नाचा वाढदिवस असतो, आणि तेथे वाइनची बाटली नेली तर तो शिष्टाचारच ठरतो. पेढे पारखायला आपल्याला घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेले असते. बाटली पारखायला कोण शिकवणार?

काही वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी अशीच एक बाटली नेली होती. पांढरी वाइन, परदेशी, सोनेरी अक्षरांची, आणि माझ्या ऐपतीच्या मानाने बरीच महाग. खरे तर दुकानात शिरताना मनात गोड वाइनच होती. परंतु तसे सांगायला जीभ रेटेना. गोड वाइन ही अजाणांची आवड, असे कुठेतरी कानांवर पडले होते. दुकानदाराने काढून दिलेली बाटली मी मुकाट्याने घेतली. रात्री ती उघडली. यजमानांच्या वृद्ध आईंनी एक घोट घेतला, ‘बरें आसा’ म्हणाल्या, आणि पेला हळूच टेबलाच्या कडेला सरकवला. इतर बायकांनीही तेच केले. निघताना पाहिले, तर बाटली जवळजवळ भरलेलीच होती. ती निवडताना मी माझा मान तेवढा सांभाळला होता; जी माणसे ती पिणार होती, त्यांचा विचार मनाला शिवलाही नव्हता.

त्यानंतर मी या विषयात थोडे लक्ष घातले. त्यात गूढ असे फारसे नाही, हे आधी सांगितले पाहिजे.

द्राक्षाच्या रसात मुळातच साखर असते. यीस्ट ही साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू बनवते. सगळी साखर संपली की वाइन कोरडी होते. इंग्रजीत तिला ‘ड्राय’ म्हणतात. साखर शिल्लक असतानाच आंबण्याची क्रिया थांबवली, तर गोडी राहते. दर लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणून बाटलीवरचा मद्यार्काचा आकडा हा पहिला साक्षीदार. इटलीची मोस्काटो द’आस्ती पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तिच्यात भरपूर साखर उरलेली असते. जर्मनीची रीसलिंग आठ-नऊ टक्क्यांची असेल तर तीही बहुधा गोडसर निघते. साडेतेरा टक्क्यांची साधी पांढरी वाइन मात्र बहुतेक वेळा कोरडी. या नियमाला एक मोठा अपवाद आहे. पोर्टच्या जातीच्या वाइनमध्ये आंबण्याची क्रिया चालू असतानाच वरून मद्य ओततात. त्यामुळे यीस्ट मरते, साखर राहते, आणि मद्यार्कही वीस टक्क्यांच्या घरात जातो. अशी वाइन गोड असली, तरी हलकी खचितच नव्हे.

दुसरा साक्षीदार म्हणजे लेबलावरचे शब्द. पोर्तुगीज बाटलीवर ‘सेको’ म्हणजे कोरडी, ‘मेयू दोस’ म्हणजे मध्यम गोड, आणि ‘दोस’ म्हणजे गोड. गोव्यातल्या वाचकांना हा शब्द नवा नाही. नाताळात शेजाऱ्यांकडून येणारी हरभऱ्याच्या डाळीची ‘दोस’ आपण सर्वांनी खाल्लेली आहे. फ्रेंच बाटलीवर ‘सेक’ आणि ‘दू’, इटालियनवर ‘सेको’ आणि ‘दोल्चे’, जर्मनवर ‘ट्रोकन’ आणि ‘ल्युस’ नव्हे तर ‘झ्यूस’, अशा जोड्या लक्षात ठेवाव्यात. युरोपीय नियमांप्रमाणे लिटरमागे ४५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर असेल, तरच साध्या वाइनला ‘गोड’ म्हणता येते.

फसफसणाऱ्या वाइनच्या बाबतीत मात्र हे शब्द हमखास चकवतात. तेथे ‘ब्रूट’ ही कोरडी. ‘एक्स्ट्रा ड्राय’ तिच्याहून किंचित गोड. नुसती ‘ड्राय’ आणखी गोड. आणि ‘देमी-सेक’ म्हणजे अर्धी कोरडी, ती तर लिटरमागे ३२ ते ५० ग्रॅम साखरेची. नावावर विसंबून ‘ड्राय’ टाळणारा येथे नेमका उलटा फसतो.

आणखी एक फसवणूक नाकाची. गेवुर्त्सट्रामिनर नावाच्या द्राक्षाच्या वाइनला गुलाबाचा आणि लिचीचा वास येतो, आणि वास घेतानाच मन म्हणते, ही गोड असणार. प्रत्यक्षात ती पुष्कळदा कोरडी निघते. सुगंध निराळा आणि साखर निराळी.

आता खर्चाचे पाहू. परदेशी बाटलीच्या किमतीत आयात शुल्काचा वाटा मोठा असतो. तेवढ्याच पैशांत देशी बाटल्या अधिक चांगल्या मिळतात, आणि त्यांचे माहेर तर आपल्या नाशिककडे. सुला या कंपनीच्या पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आल्या. त्यांत शेनिन ब्लाँ होती. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले. नाशिकच्या मातीत ते चांगले रुजले. आपल्याकडची शेनिन ब्लाँ बहुधा किंचित गोडसर असते आणि नवख्या जिभेला रुचते. याहून गोड हवी असेल, तर ‘लेट हार्व्हेस्ट’ म्हणजे उशिरा खुडलेल्या द्राक्षांची वाइन मागावी. ती पुष्कळदा ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत येते. पण ती थोडी थोडीच घ्यायची असल्याने अर्धी बाटलीही सहा माणसांना पुरते. साध्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत बेताचे पाच पेले होतात, हा हिशेब धरून पाहुणे मोजावेत.

नुसती गोडी मात्र लवकर कंटाळा आणते. पन्ह्यात गूळ असतो तसा कैरीचा आंबटपणाही असतो, म्हणून ते पुन्हा प्यावेसे वाटते. चांगल्या गोड वाइनमध्येही असाच आंबटपणा असतो. ती थंडच हवी. शीतकपाटात दोन-तीन तास ठेवावी. वेळ नसेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली अर्धा तास बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा पाणी मिसळलेला बर्फ लवकर गारवा देतो.

शागुतीसारख्या तिखट पदार्थाबरोबर गोडसर वाइन शोभते, कारण साखर तिखटाची धार कमी करते. कडक मद्य उलट ती वाढवते. बेबिंकाबरोबर मात्र जपून. जिलबी खाल्ल्यावर चहा अगोड लागतो, तसेच येथेही होते. वाइनपेक्षा पक्वान्न गोड असले, की वाइन आंबट लागते. म्हणून ती जेवणाबरोबर द्यावी.

बाटली यजमानांच्या हाती दिली की आपले काम संपले. ती त्यांनी त्याच रात्री उघडावी, असा आग्रह नसावा. जो घेत नाही त्याला तर मुळीच नसावा. मधुमेह असलेल्यांसाठी आणि घरी गाडी चालवत जाणाऱ्यांसाठी सोबत कोकम सरबताचीही बाटली न्यावी. आपले बडोद्याचे वाचक हे वाचून हसतील, कारण गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे आणि परवान्यावाचून तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. इतरांनीही एका राज्यातली बाटली दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी तेथील नियम विचारून घ्यावेत.

गेल्या नाताळात मी त्याच दुकानात गेलो आणि ‘गोड पांढरी वाइन हवी, फार महाग नको,’ असे सरळ सांगितले. दुकानदाराला त्यात काहीच वावगे वाटले नाही. त्याने नाशिकची शेनिन ब्लाँ काढून दिली. रात्री शेजारच्या आजींनी पेला संपवला, आणि बाटलीकडे बोट दाखवून सुनेला म्हणाल्या, ‘आनीक मातशी दी गो.’