काळा घोडा : महोत्सव टाळून
मुंबईची चित्रकला पाहायला बाहेरगावचे लोक काळा घोडा महोत्सवाचा मुहूर्त धरतात. १९९९ पासूनच्या या महोत्सवात सगळे एकाच ठिकाणी मिळते हे खरे. पण त्या गर्दीत चित्रापुढे थांबायचे कसे? चित्रे तर वर्षभर असतात. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात प्रवेश विनामूल्य, प्रदर्शने साधारण आठवड्याला बदलतात आणि बरेचदा चित्रकार स्वतःच तिथे बसलेला असतो; त्याला बेलाशक प्रश्न विचारावेत. तिथले सगळेच काम उत्तम नसते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र दुसऱ्याने निवडलेलेच पाहत राहिले तर स्वतःची नजर तयार होत नाही. तुलनेला जवळच, जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते.